भिवंडीच्या हवेत घरचा कूलर

अकोल्याला किंवा नागपूरला कूलर चालेल का, असं कुणी विचारत नाही. होळी झाली की माळ्यावरचा कूलर खाली येतो, ताट्या बदलल्या जातात, पंपावर बसलेला क्षार खरवडला जातो आणि खिडकीबाहेरच्या घोडीवर तो चढतो. भिवंडीत मात्र हा प्रश्न दर उन्हाळ्यात नव्यानं निघतो. मार्च-एप्रिलच्या दुपारी इथं पूर्वेकडून कोरडी झळ येते, पारा अडतीसच्या पुढं सरकतो, ओठ फुटतात. खाडीकडचं वारं पोचलं की संध्याकाळी तीच हवा अंगाला चिकटते. मे महिन्यात तर सकाळपासूनच घामाच्या धारा. त्यात गाव यंत्रमागांचं. वर सिमेंटचे नाहीतर लोखंडी पत्रे, खाली बारा-बारा तास चालणारे माग, आणि कारखान्यालगतच्या खोल्यांत पाळीपाळीनं झोपणारे कामगार.

पुढचा संवाद मामा आणि भाचीचा. दोघंही मी रचलेली आहेत, पण त्यांच्यातला वाद या गावातल्या कितीतरी खोल्यांत होत असतो. मामा अकोल्याच्या गिरणीतले फिटर. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्यांचं बरंचसं विणकाम भिवंडीच्या मागांकडे वळलं, त्या लाटेत इकडे आलेले. राहायला कामतघरला. भाची इथंच जन्मलेली, विजेच्या कामाचा डिप्लोमा केलेली, गोदामांचं वायरिंग पाहणारी. मामांना कूलर बांधायचाय तो स्वतःसाठी नाही. शेजारच्या पत्र्याच्या खोलीत रातपाळीचे कामगार दिवसा झोपतात, त्यांच्यासाठी.

मामा : पंखा मिळाला. बारा इंची एक्झॉस्ट, चौदाशे फेऱ्यांचा, तांब्याच्या वाइंडिंगचा. पंप मिळाला, अठरा वॅटचा. ड्रम तं इथं पायलीचे पन्नास, काल्हेर-पूर्ण्याच्या गोदामांतून रोज भंगारात निघतात. अडलंय ते ताटीपाशी. अकोल्यात मार्चमध्ये हार्डवेअरच्या दुकानाबाहेर ताट्यांच्या चळती लागतात. इथं सगळा बाजार फिरलो, तयार हनिकोंब पॅड मिळतात ते कंपनीच्या कूलरच्या मापाचे. माझ्या मापाचं काहीच नाही. वाळा तं पूजेच्या दुकानात जुडीनं मिळतो.

भाची : ताटी मिळाली नाही हे त्या पोरांचं नशीब समजा. मामा, ही अकोल्याची हवा नाही. दमट हवेत कूलर लावायचा म्हणजे पैसे मोजून घाम विकत घ्यायचा.

मामा : घाम काहून येईल? वारा तं लागतोच नं?

भाची : वारा साध्या पंख्याचाही लागतो. कूलर वेगळं काय करतो?

मामा : पाणी उडतं, उडताना हवेतली उष्णता ओढून घेतं. एवढं फिटरला कळतं, पोरी.

भाची : एक लिटर पाणी उडायला सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता लागते. ती हवेतून जाते म्हणून हवा गार होते, इथवर तुमचं बरोबर. पण हवेत आधीच ओलावा भरलेला असेल तर पाणी उडणार किती? त्याचं माप घरीच घेता येतं. दोन थर्मामीटर घ्या, एकाच्या टोकाला ओली मलमल गुंडाळा आणि पंख्यासमोर धरा. ओला पारा उतरत उतरत जिथं थांबेल, त्याच्या खाली तुमचा कूलर जाणार नाही. कितीही भारी ताटी बसवा. चांगला कूलर त्या दोन पाऱ्यांमधल्या अंतराच्या पाऊण हिश्शापर्यंत पोचतो.

मामा : मग आकडे सांग.

भाची : अकोल्याची मे महिन्यातली दुपार धरा. ४४ अंश, आर्द्रता १५ टक्के. ओला पारा २३ वर थांबतो. अंतर २१ अंशांचं, त्यातले पंधरा-सोळा कूलर खाली आणतो. खोलीत २८-२९ अंशांची हवा येते. आता आपली मे महिन्यातली दुपार. ३६ अंश, आर्द्रता ५५ टक्के. ओला पारा २८ च्या वरच अडतो. अंतर आठाच्या आत, कूलर त्यातले पाच-सहा खाणार. ३६ चे ३० झाले खरे, पण त्या तीस अंशांच्या हवेत आर्द्रता नव्वदीजवळ गेली. अंगावरचा घाम वाळेचना. शरीराचा स्वतःचा कूलर तुम्ही बंद पाडला, आणि बाहेरचा लावला.

हा शेवटचा मुद्दा हलका घेण्यासारखा नाही. हवामान खातंसुद्धा किनाऱ्याला वेगळं माप लावतं. मैदानी भागात उष्णतेची लाट म्हणायला कमाल तापमान किमान ४० अंश लागतं, किनारपट्टीवर ३७ पुरतं. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानात महाराष्ट्र भूषण सोहळ्याला भर उन्हात बसलेल्यांपैकी १४ जण उष्माघातानं दगावले, त्या दिवशीही तिथला पारा चाळीसच्या खालीच होता. खारघर भिवंडीपासून लांब नाही, आणि हवा त्याच जातीची आहे. घाम न वाळणं म्हणजे नुसती चिकचिक, असं समजणाऱ्यानं हे ध्यानात ठेवावं.

मामांनी मात्र माघार घेतली नाही.

मामा : मे महिना सोड. आत्ताची गोष्ट कर. आज दुपारी ओठ फुटत होते का नाही?

भाची : फुटत होते. अशा दुपारी ३८ अंश आणि आर्द्रता पंचवीसच्या आसपास धरू. ओला पारा २३. अंतर पंधरा अंशांचं. तुमचा कूलर २७ पर्यंत आणील.

मामा : सत्तावीस! मग?

भाची : मग काय? असे किती तास? बारा ते चार, फार तर पाच. रात्री झोपायच्या वेळेला हवा २९ अंश, आर्द्रता ऐंशी टक्के, ओला पारा २६. तीन अंशांसाठी कूलर लावायचा? अकोल्याचे लोक कूलर लावून रात्रभर झोपतात. इथं रात्री त्याचा काही उपयोग नाही.

मामा : आता बरोबर बोललीस. रात्री उपयोग नाही. पण त्या खोलीत रात्री झोपतं कोण? रातपाळीवाला सकाळी आठला सुटतो. चहा-पाव खातो, नळाला पाणी असलं तर अंघोळ करतो, आणि पडतो तो उन्हं चढायच्या वेळेला. त्याची झोप बारा ते चारमध्येच असते. वर पत्रा तापलेला, खाली फरशी तापलेली, आणि संध्याकाळी आठला पुन्हा मागावर उभं राहायचं. झोप न झालेल्या माणसाचा हात धोट्यापाशी कुठं जातो, ते मी पाहिलंय. तुझे ते चार तासच त्याची रात्र आहे.

इथं मी मामांच्या बाजूनं आहे. कूलर किनाऱ्यावर चालत नाही, हे आपण ऐकतो ते रात्री झोपणाऱ्या माणसाच्या हिशेबानं. भिवंडीत अर्धं गाव दिवसा झोपतं. पुस्तकातल्या तक्त्यात हवेचं तापमान असतं, आर्द्रता असते, पण झोपणाऱ्याची पाळी नसते. भाचीलाही हे मान्य करावं लागलं, पण तिनं मोर्चा दुसरीकडे वळवला.

भाची : बरं, एप्रिलच्या मध्यापर्यंत दुपारचे चार तास, एवढ्यापुरतं मान्य. पण खोलीचं दार बंद करून कूलर लावणार असाल तर आत्ताच सोडा. तुमचा पंखा ताशी दोन हजार घनमीटर हवा आत ढकलेल. दहा बाय दहाची खोली, तिच्यातली सगळी हवा मिनिटाच्या आत बदलायला हवी. ती जाणार कुठून?

मामा : समोरचं दार उघडं ठेवायचं.

भाची : दारासमोर कारखाना. आवाज येतो म्हणून पोरं दार लावून घेतात. दार लावलं की ओलावा आत कोंडला, आणि अर्ध्या तासात मे महिना सुरू.

मामा : मग दाराच्या वरची फळी काढून तिथं जाळी मारू. झरोका मोठा करू. गरम हवा तशीही वरच असते, ती जाईल. आणि कूलर खोलीत नाहीच ठेवायचा. खिडकीबाहेर, घोडीवर. बाहेरची कोरडी हवा ओढायची, आतली पुन्हा फिरवायची नाही.

एवढं एक कळलं तरी भिवंडीतले निम्मे कूलर सुधारतील. विकतचा चाकांचा कूलर खोलीच्या मधोमध ठेवून दारं-खिडक्या लावून घेणारी घरं मी पाहतो. तिथं पहिली दहा मिनिटं बरं वाटतं, मग चादर ओलसर लागते, आणि दोष कंपनीवर जातो.

आता ताटीकडे. खरी कारागिरी इथं आहे, आणि मामांचा हात इथं मोकळा सुटतो.

भाची : ताटीला धागा का नाही वापरत? गावात दुसरं आहे काय? गल्लीगल्लीत चिंदीची पोती पडलीत.

मामा : सगळं करून पाहिलं, बाई. पॉलिएस्टरची चिंदी पाणी धरतच नाही, वरून सोडलं की सरळ खाली. सुताची चिंदी उलटी. इतकं पाणी पिते की तिचा लगदा होतो, वारा पलीकडे जातच नाही. गोणपाट चांगलं ओलं राहतं, पण आठवड्यात कुजट वास मारायला लागतं, आणि झोपलेल्या माणसाच्या नाकात तोच वास. शेवटी काथ्या. नारळाच्या सोडणाचा, गादीवाल्याकडून.

भाची : काथ्याचं पाणी तपकिरी उतरतं.

मामा : उतरतंच. दोन दिवस भिजवायचा, पाणी ओतायचं, पुन्हा भिजवायचा. पाणी स्वच्छ उतरलं की हातानं पिंजायचा. गोळा राहू द्यायचा नाही. कोंबडीजाळीच्या दोन तुकड्यांमध्ये दीड-दोन इंच जाड पसरायचा, आणि गोधडीला घालतात तसे बारीक तारेचे टाके घालायचे, नाहीतर ओला झाला की खाली बसतो आणि वर भोक पडतं. मग ताटी उन्हासमोर धरायची. जिथं उन्हाचा ठिपका दिसला तिथं काथ्या कमी. वारा शहाणा असतो, तो ओल्यातून जात नाही, त्या ठिपक्यातून निघून जातो.

भाची : आणि क्षेत्रफळ?

मामा : ते तू सांग.

भाची : ताटीतून वारा सेकंदाला साधारण एक मीटरनं जावा. फार वेगानं गेला तर ओला व्हायला वेळ मिळत नाही आणि थेंब उडून खोलीत येतात. दोन हजार घनमीटरसाठी अर्ध्या चौरस मीटरहून थोडी जास्त ताटी लागेल. दोनशे लिटरच्या ड्रमला तीन बाजूंनी ४० बाय ५० सेंटीमीटरच्या खिडक्या कापल्या, चौथ्या बाजूला पंखा, तर सहा दशांश होतं. जमतं. खाली साठ लिटर पाणी राहील.

मामा : वरून अर्ध्या इंची पीव्हीसी नळी गोल फिरवतो. तीन मिलिमीटरची भोकं, दोन बोटांच्या अंतरानं, तोंड खाली. नळीखाली तरटाची पट्टी, म्हणजे पाणी एका धारेनं न पडता सारखं पाझरतं. तरट तेवढंच, वास यायच्या आत बदलायचं.

भाची : ड्रममध्ये आधी काय होतं?

मामा : निळा ड्रम आहे, धुतलाय चांगला.

भाची : धुण्याचं नाही विचारलं, आत काय होतं ते विचारलं. गोदामांत रंगाची रसायनं येतात, सायझिंगची येतात, आम्लं येतात. प्लास्टिकमध्ये मुरलेलं धुऊन जात नाही. त्या ड्रमातून गेलेली हवा पोरं चार तास छातीत भरणार. खाद्यतेलाचा किंवा सरबताच्या अर्काचा ड्रम असेल, आणि चिठ्ठी अजून चिकटलेली असेल, तरच घ्या. नाहीतर नवी टाकी आणा, मी पैसे देते.

मामांनी ड्रम बदलला. फिटरला भंगारातली वस्तू सोडणं जड जातं, पण इथं भाचीचंच बरोबर होतं. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने कायद्यातलं कलम १५ कृत्रिम ओलाव्याबद्दल होतं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की कारखान्याच्या हवेत ओलावा सोडायचा तर त्यासाठीचं पाणी सार्वजनिक पुरवठ्याचं किंवा पिण्याच्या पाण्याच्या स्रोतातलं हवं, नाहीतर नीट शुद्ध केलेलं हवं. कायदा करणाऱ्यांना ठाऊक होतं की हवेत गेलेलं पाणी माणसाच्या छातीत जातं. घरच्या कूलरला हा कायदा लागू नव्हता, पण छाती तीच आहे.

भाची : आता वीज. यात मी तुमचं एकही ऐकणार नाही.

मामा : बोल. आमच्याकडं दर उन्हाळ्यात पेपरात कूलरची बातमी असतेच. पाणी भरायला बाई गेली, नाहीतर लेकरू खेळता खेळता चिकटलं.

भाची : म्हणूनच. महावितरण दरवर्षी सांगतं, पाणी भरण्याआधी प्लग काढा, तीन पिनांचाच प्लग वापरा. लोक वाचतात आणि विसरतात. तुमचा ड्रम प्लास्टिकचा आहे हे चांगलं, पत्र्याच्या अंगात वीज उतरते तशी यात उतरणार नाही. पण पंखा लोखंडी, जाळी लोखंडी, घोडी लोखंडी, खाली ओली जमीन. पंपाची वायर पाण्यात. त्या खोलीतल्या सॉकेटला तिसरं भोक आहे, पण त्याच्यामागे अर्थिंगची तार जोडलेली आहे का, हे कुणी पाहिलंय? मी टेस्टलॅम्प लावून पाहिलं. दिवा पेटला नाही. तिसरं भोक नुसतं शोभेला.

मामा : मग?

भाची : आधी अर्थिंग करून घ्यायचं, मग वीज गळताच पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवायचा, त्यानंतर कूलर. ताटी मिळाली नाही तर काथ्या चालेल. पंप कुठल्याही कंपनीचा चालेल. घोडी तुम्ही मागाच्या जुन्या अँगलची करा. या दोन गोष्टींच्या जागी मात्र दुसरं काही चालणार नाही. आरसीसीबी महाग वाटला तर कूलर बांधू नका, पोरांना टेबलफॅन द्या.

न मिळणाऱ्या भागांची चर्चा निघाली की आपल्याकडे जुगाडाचं फार कौतुक होतं. मलाही मामांच्या ताटीचं कौतुक आहे. पण जुगाड कुठं चालतो आणि कुठं जीव घेतो, यातली रेघ भाचीनं ओढली ती मला पूर्ण पटते. ताटी वाईट निघाली तर हवा कमी गार होते. अर्थिंग खोटं निघालं तर दुसरी संधी मिळत नाही.

पाण्यावर दोघांचं थोडक्यात मिटलं. कोरड्या दुपारी हा कूलर ताशी दहा लिटरच्या आसपास पाणी उडवतो, म्हणजे चार तासांना दोन हंडे. नळाची वेळ पाहून ड्रम भरायचा. बोअरचं पाणी वापरलं तर काथ्यावर पांढरा थर चढतो, म्हणून खालचं उरलेलं पाणी दोन-तीन दिवसांनी सोडून द्यायचं. आठवड्यातून एकदा ड्रम रिकामा करून आतून घासायचा. डेंग्यूचा डास पाण्याच्या रेषेवर, ड्रमच्या भिंतीला अंडी चिकटवतो आणि ती कोरडी होऊनही महिनोन्महिने टिकतात, म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही. त्याच दिवशी ताटी बाहेरून झटकायची, कारण कारखान्यातून उडणारं सुताचं तूस तिच्यावर बसतं आणि वारा अडवतं.

वाद पुन्हा पेटला तो मामांनी मालकाची गोष्ट काढली तेव्हा.

मामा : मालक म्हणतो, असाच मोठा करून शेडमध्ये लाव. माणसांना गार वाटेल आणि सुतालाही बरं. ते खोटं नाही. कोरड्या हवेत सूत कडक होतं, तार तुटते. तार तुटली की माग थांबला, आणि कारीगर मीटरवर कमावतो. ओलाव्यानं त्याच्याच खिशात चार पैसे जास्त जातात. अकोल्याच्या गिरणीत आम्ही फवारे पाहिलेत.

भाची : आणि फवाऱ्याखालच्या माणसांचं काय व्हायचं, तेही पाहिलं असेल. इंग्लंडमधल्या लँकेशायरमध्ये विणकामाच्या शेडमध्ये वाफ सोडायचे, सूत तुटू नये म्हणून. कामगार ओल्या कपड्यांनी थंडीत बाहेर पडायचे. त्यांनी ओरड केली तेव्हा १८८९ मध्ये तिथं कायदा झाला, शेडमध्ये किती तापमानाला किती ओलावा चालेल याचा तक्ता लावला गेला. आपल्याकडच्या नमुना कारखाना नियमांतही ओल्या पाऱ्याची मर्यादा ३० अंश होती. सुताला ओलावा हवा आणि माणसाला नको, हे भांडण मागांइतकंच जुनं आहे, मामा. त्यात दर वेळी सुताचं ऐकलं गेलं.

मामा : पण सूतच नाही चाललं तं माणूस कमावणार काय?

भाची : मग मोजा. चोवीस मागांचा कारखाना. एका मागाची मोटर साधारण एक अश्वशक्तीची, पाऊण किलोवॅट. पूर्ण ताकदीनं ओढत नसेल, पण जेवढी वीज ओढते तेवढी शेवटी उष्णताच होते. चोवीस मागांचे दहा ते अठरा किलोवॅट आत सुटले. वर तापलेला पत्रा, त्याची आग वेगळी. तुमचा कूलर मे महिन्यात जेमतेम चार किलोवॅट काढील. असे पाच लावले तर ओलावा एवढा वाढेल की ओला पारा तीसला टेकेल. सूत खूश, आणि माणूस उभ्या उभ्या उकडणार. शेडमध्ये पाणी आत आणूच नका. पाणी वर पाठवा.

मामा : पत्र्यावर?

भाची : पत्र्यावर. दुपारी पत्रा साठ अंशांच्या वर तापतो. एवढ्या तापलेल्या पत्र्यावरचं पाणी दमट हवेतही उडतं, कारण पत्रा हवेपेक्षा कितीतरी गरम असतो. आणि उडालेली वाफ बाहेरच्या बाहेर जाते, शेडमध्ये येत नाही. कूलरला एप्रिलनंतर हवा साथ देत नाही. पत्र्यावरच्या ओल्या गोणपाटाला पाऊस येईपर्यंत साथ देते. शिवाय तिथं पिण्याचं पाणी लागत नाही, धुण्याचं चालतं.

मामा : तापलेल्या सिमेंटच्या पत्र्यावर दुपारी गार पाणी मारलं तं तडकायचा. जुने पत्रे आहेत, गळके. आणि ओल्या गोण्यांचं वजन?

भाची : म्हणून आधी चुना. चुन्याला वजन नाही. नवा पांढरा चुना बरंचसं ऊन आल्या पावली परत पाठवतो, पाण्याचा थेंब लागत नाही. मजबूत पत्रा असेल तिथंच गोणपाट, आणि पाणी सकाळी, पत्रा तापायच्या आधी सुरू करायचं.

मामा : चुना पावसात धुऊन जातो.

भाची : जाऊ दे. पावसाळ्यात त्याचं काम नाही. पुढच्या वर्षी पुन्हा मारायचा.

मामा यावर पूर्ण राजी झाले नाहीत. त्यांचं म्हणणं, मालक कूलरला पैसे देईल कारण तो दिसतो, चुन्याला देणार नाही. हे म्हणणं खरं आहे, आणि मला त्याचंच वाईट वाटतं. शेजारच्या खोलीत त्यांचा कूलर बसला. खिडकीबाहेर, काथ्याच्या तीन ताट्यांचा, आरसीसीबीसकट. ओल्या आणि कोरड्या पाऱ्यात दहा अंशांचं अंतर असेल तेव्हा पंप चालू, पाच-सहाच उरलं की पंप बंद आणि नुसता पंखा, असं भाचीनं भिंतीवर लिहून ठेवलं. खोलीतल्या माणसाला एवढं पुरेल. मागाच्या शेडला पुरणार नाही, आणि तिथं कूलर लावणं चूक आहे, हा माझा निवाडा आहे.

कारखाने कायद्याच्या कलम १३ नं भिंती आणि छप्पर असं असावं की आतलं तापमान शक्य तितकं कमी राहील, ही जबाबदारी मालकावर टाकली. ज्या शेडवर मागांची पाटी आहे पण कारखाना म्हणून नोंद नाही, तिथलाही पत्रा तेवढाच तापतो. म्हणून भिवंडीच्या माग-मालकांना एकच विनंती आहे. येत्या होळीच्या आधी शेडच्या पत्र्याला चुना मारून घ्या. वर जाणाऱ्या माणसाला जुन्या सिमेंटच्या पत्र्यावर पाय ठेवू देऊ नका, आडव्या फळ्या टाका, कमरेला दोर बांधा. आणि शेडला लागून कामगारांची खोली असेल तर तिचा पत्रा आधी रंगवा.